रिपोर्टात कॅल्सिफिकेशन निघालंय. दूध बंद करायचं का?

निमा_सहकारनगर

मंडळी, आमच्या घरात तीन जणांच्या तीन रिपोर्टांत कॅल्सिफिकेशन (म्हणजे कुठेतरी कॅल्शियम साचलेलं) निघालंय आणि त्यावरून जो गोंधळ चाललाय तो निस्तरायला हा धागा.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून छातीचा एक्सरे काढला. त्यात उजव्या फुप्फुसात 'कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा'. माझा उजवा खांदा रात्री झोपू देत नाही, हात मागे नेऊन हुक लावता येत नाही. एक्सरेत खांद्याच्या शिरेत (स्नायू हाडाला जोडणारी दोरी, रक्तवाहिनी नव्हे) कॅल्शियम. आणि मावसदिरांनी कंपनीच्या चेकअपमध्ये हृदयाचा सीटी करून घेतला, तर कॅल्शियम स्कोअर १८६. ते पन्नाशीचे, शुगर आहे, सिगारेट नाही.

घरचा निष्कर्ष असा की आमच्या सगळ्यांच्या अंगात कॅल्शियम जास्त झालंय. (सासूबाईंचं आणि माझं रक्ताचं नातं नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही.) त्यामुळे दूध बंद, नाचणीची आंबील बंद, माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या जाऊबाईंनी माळ्यावर टाकल्या. तिन्ही डॉक्टरांनी आपापल्या अवयवापुरतं सांगितलं आणि ते पटलंही, पण हे सगळं एकत्र कुणी समजावून देईल का? 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया लिहू नका, तिघांनाही विचारून झालंय.

तिरसट_पेठकर

डॉक्टरांना विचारा.

बोअरवेल_वाघोली

ताई, आधी पाणी कुठलं ते सांगा. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअर. गीझरची कॉइल वर्षभरात पांढरीफटक होते, थर अक्षरशः खरवडून काढावा लागतो. शॉवरची भोकं बुजतात. हेच पाणी तीस वर्षं पोटात गेलं तर नसांचं काय होत असेल? मी आरओशिवाय थेंब घेत नाही.

पर्वतीपायथा

सहकारनगरला खडकवासल्याचं पाणी येतं हो. पानशेत-वरसगावचं पावसाचं पाणी, डाळ दोन शिट्ट्यांत शिजते. तुमची थिअरी इथे लागू पडत नाही.

डॉ_मुठाकाठ

निमाताई, मी पॅथॉलॉजी शिकवायचो, आता निवृत्त आहे. रुग्ण तपासत नाही, तेव्हा याला सल्ला समजू नका, वर्गातलं व्याख्यान समजा.

आधी गीझर. तिथे पाणी तापतं, त्यातलं बायकार्बोनेट मोडतं आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. शरीरात साचतं ते बहुतेक वेळा कॅल्शियम फॉस्फेट, हाडात असतं त्याच जातीचं. शिवाय प्यालेल्या पाण्यातलं कॅल्शियम सरळ नसेपर्यंत जात नाही. आतड्यानं किती शोषायचं ते ड जीवनसत्त्व ठरवतं, जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं, आणि मानेतल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी दोघांवर लक्ष ठेवतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडादातांत. रक्तात दर १०० मिलिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. वाघोलीकर आणि सहकारनगरकर दोघांच्याही रक्तात ते तेवढंच निघेल.

मला विद्यार्थ्यांना नेहमी उलटा प्रश्न विचारायला आवडायचा. रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की स्फटिक धरायला परिस्थिती कायम अनुकूल. मग आपण सगळेच दगड का होत नाही? कारण शरीर स्फटिक धरण्याला सतत अटकाव करत असतं. पायरोफॉस्फेट नावाचा छोटासा रेणू, यकृतात तयार होणारं फेट्युइन-ए, धमन्यांच्या भिंतीतलं मॅट्रिक्स ग्ला प्रथिन, ही अटकाव करणारी मुख्य मंडळी. त्यामुळे कुठे साका दिसला की मी आधी विचारतो, या जागेला झालं काय? कॅल्शियम आलं कुठून हा प्रश्न नंतरचा.

ढोबळमानानं दोन वाटा आहेत. पहिलीत ऊतक मेलेलं किंवा दुखावलेलं असतं, जुनी सूज असते, तिथे कॅल्शियम धरतं. रक्तातलं प्रमाण अगदी नॉर्मल. तुमच्या घरातले तिन्ही नमुने साधारण या बाजूचे, खांद्याचं प्रकरण थोडं वेगळं आहे. दुसऱ्या वाटेत ऊतक धडधाकट, पण रक्तातलं कॅल्शियम किंवा फॉस्फेट वाढलेलं. पॅराथायरॉइडची गाठ, हाडांत पसरलेला कर्करोग, ड जीवनसत्त्वाचा अतिरेक, निकामी मूत्रपिंड. मग साका फुप्फुसात, जठराच्या अस्तरात, मूत्रपिंडात, धमन्यांत पडायला लागतो. जर्मन पॅथॉलॉजिस्ट फिर्खोनं हे १८५५ मध्येच लिहून ठेवलंय.

दोन्ही वाटा वेगळ्या करायला कॅल्शियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) या साध्या रक्ततपासण्या बहुतेकदा पुरतात. त्या ठीक असतील तर दूध बंद करण्याला काहीही आधार नाही. आंबील सुरू करा.

सासूबाईंचं म्हणाल तर आपल्या देशात फुप्फुसातल्या अशा ठिपक्याचं नेहमीचं कारण जुना टीबी. लहानपणी जंतू शिरतो, शरीर त्याला गाठीत कोंडतं, गाठीचा मधला भाग मरतो आणि वर्षानुवर्षांनी चुनखडी होतो. ठिपका पूर्ण पांढरा, कडा स्पष्ट, खोकला-ताप-वजन घटणं काही नाही, तर तो बहुधा भरलेल्या जखमेचा व्रण. फक्त ठिपका दिसला म्हणून टीबीचा कोर्स सुरू करत नाहीत. मात्र जुना एक्सरे असेल तर शोधा. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच ठिपका तेवढाच असला तर अर्धी काळजी तिथेच मिटते. (अवांतर: जुन्या फिल्म चांदीसाठी भंगारवाले घेतात. त्यांना देऊ नका!)

निमा_सहकारनगर

डॉक्टर, मनापासून आभार. हे आत्ताच मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणतात, मला कधी टीबी झालाच नाही, आमच्या घराण्यात कुणाला नाही. जरा रागावल्यात.

डॉ_मुठाकाठ

त्यांना सांगा, जंतू शिरणं वेगळं आणि आजार होणं वेगळं. शिरलेल्या दहांतल्या नऊ जणांना आयुष्यभर आजार होत नाही. त्यांच्या शरीरानं तो रोखला याचाच तो पुरावा आहे. घराण्याला बट्टा नाही.

एक जपायचं. अशा गाठीत काही जंतू झोपलेल्या अवस्थेत जिवंत राहू शकतात. पुढे कधी स्टेरॉइड, केमो किंवा संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं द्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना हा एक्सरे आवर्जून दाखवा.

खांदेपालट

मी फिजिओ. निमाताई, तुमचा खांदा माझ्या आवडीचा विषय, कारण यात लोकांना जे वाटतं त्याच्या बरोबर उलटं घडतं.

खांद्यात वरून जाणारी एक शीर असते, सुप्रास्पायनेटसची. सर्वात जास्त कॅल्शियम तिच्यात साचतं. वय साधारण ३० ते ६०, बायकांत प्रमाण जास्त, मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांत जरा अधिक. ही शीर मेलेली नसते. तिथल्या पेशीच रूप पालटून कॅल्शियम जमवायला लागतात, डॉक्टरांनी 'थोडं वेगळं' म्हटलंय ते यासाठी. साठा तयार होताना फारसं दुखत नाही. मग तो कित्येक महिने, कधी वर्षं, गप पडून राहतो. आणि एके दिवशी शरीर तो साठा स्वतःच विरघळवायला घेतं. आग लागते ती तेव्हा! रात्री तीनला उठून बसणारे, हात गळ्यात बांधून येणारे पेशंट बहुतेक या टप्प्यावरचे असतात. म्हणजे असह्य दुखणं हे बऱ्याचदा साठा जात असल्याचं लक्षण. पेशंटला हे सांगितलं की तो माझ्याकडे फार प्रेमानं बघत नाही, पण खरं आहे.

उपाय: थोडी विश्रांती, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, बर्फ, आणि खांदा आखडू नये म्हणून हलका व्यायाम. फार त्रास असेल तर इंजेक्शन. सोनोग्राफीत बघत सुईनं साठा फोडून सलाइननं धुऊन काढायची पद्धत आहे, तिचा चांगला उपयोग होताना बघितलाय. शॉकवेव्हही देतात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया अगदी शेवटी. पुष्कळ जणांचा साठा आपोआप जातो. दूध, नाचणी, कॅल्शियमची गोळी यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

आणि एक विनंती. फ्रोझन शोल्डर समजून कुणाकडून जोरात चोळून, ओढून घेऊ नका. लहान मुलांच्या कोपराला मार लागला की घरचे हाडवैद्याकडे नेऊन मालिश करून आणतात. सुजलेला स्नायू रगडला की त्यात चक्क हाड तयार होऊ शकतं आणि कोपर कायमचं अडकतं. हे नुसतं कॅल्शियम साचणं नव्हे, खरंखुरं हाड. अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा जीव तुटतो.

जुना_वाडा

माझ्या टाचेला काटा वाढलाय एक्सरेत. तोही हाच प्रकार का? बाभळीच्या काट्यासारखा टोकदार दिसतोय.

खांदेपालट

काका, तो काटा टोचत नाही, दिसायला टोकदार आहे एवढंच. टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्सरेत तो असतो. दुखतो तो तळव्याचा पडदा, म्हणून सकाळची पहिली पावलं जड जातात. पोटऱ्या ताणायचे व्यायाम करा, शहाबादी फरशीवर अनवाणी फिरू नका. काटा कापून घ्यायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

हिंजवडी_फेज३

माझा कॅल्शियम स्कोअर शून्य. वय ३८. पॅकेजमध्ये होता म्हणून केला. म्हणजे आता बेधडक मस्तानी हाणायची ना? (सिगारेट आहे, कमी केली आहे.)

एक्सरेवाला

मी सीटी टेक्निशियन. रोज हे स्कॅन करतो म्हणून लिहितो.

हा स्कोअर अ‍ॅगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडला. शिरेतून डाय द्यावा लागत नाही, ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून स्कॅन होतो, श्वास रोखा-सोडा, संपलं. हृदयाच्या धमन्यांत १३० हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीवर दाटपणा मोजायचं एकक) वर जे पांढरं दिसेल त्याचं क्षेत्रफळ मोजायचं, किती दाट आहे त्यावरून १ ते ४ नं गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज. शून्य, १ ते ९९, १०० ते ३९९, आणि ४०० च्या वर असे ढोबळ गट. रेडिएशन साधारण १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे फार नाही, पण दरवर्षी हौसेनं करायची गोष्टही नाही.

तुमच्या मस्तानीचं: धमनीत चरबी आधी येते, कॅल्शियम मागाहून. अडतिसाव्या वर्षी मऊ गाठी असल्या तर या स्कॅनला त्या दिसतच नाहीत. शून्य म्हणजे पुढच्या काही वर्षांत धोका कमी, आणि तेही सिगारेट नसणाऱ्याला जास्त लागू. छातीत दुखतंय म्हणून हा स्कॅन करायला येणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, इथे थांबू नका, आधी ईसीजी आणि कार्डिऑलॉजिस्ट.

डॉ_मुठाकाठ

एक्सरेवाल्यांनी नेमकं सांगितलं. मी मावसदिरांपुरतं जोडतो.

पन्नाशी, मधुमेह आणि १८६ म्हणजे धमन्यांत वर्षानुवर्षं काम चाललंय. त्यांच्या डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सुरू केलं असणार. मधुमेह असला तर चाळिशीनंतर स्कोअर नसतानाही ते देतात. आता गंमत बघा. स्टॅटिन घेऊन दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन केला तर स्कोअर वाढलेला दिसू शकतो, आणि लोक गोळी बंद करतात. अहो, स्टॅटिनमुळे मऊ, फुटण्याजोगी गाठ आक्रसून टणक होते, कॅल्शियम दाट होतं. अचानक फुटून झटका आणते ती बहुधा मऊ गाठ. म्हणून सुरुवातीला एकदा अंदाज घ्यायला हा आकडा उत्तम. गोळी चालू झाल्यावर प्रगतिपुस्तक म्हणून त्याचा उपयोग नाही.

धमनी ही गंज चढणारी निर्जीव नळी आहे असं आमच्या पिढीला शिकवलं गेलं. आता माहीत आहे की भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात, हाडाची प्रथिनं तयार करतात. ही सक्रिय प्रक्रिया आहे. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात आणखी एक प्रकार दिसतो, धमनीच्या मधल्या थरात. म्योंकेबर्गनं १९०३ मध्ये वर्णन केलेला. यात नळी बुजत नाही, ताठर होते. परिणाम फसवा असतो: घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब मोजला तर धमनी दाबलीच जात नाही, आकडा भरघोस येतो आणि पायाचा रक्तपुरवठा छान आहे असं वाटतं. पायाला जखम असलेल्या मधुमेह्याच्या बाबतीत हे महागात पडतं. म्हणून तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

निसर्गोपचार_भोर

सगळे मूळ मुद्दा विसरताय. व्हिटॅमिन के२! कॅल्शियमला धमनीतून काढून हाडात नेऊन घालतं. औषध कंपन्या हे सांगणार नाहीत. मी सगळ्यांना के२ सुरू करायला सांगतो.

तिरसट_पेठकर

के२ विकणारी कंपनी धर्मादाय आहे का?

डॉ_मुठाकाठ

यात अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोका. मॅट्रिक्स ग्ला प्रथिनाला काम करायला के जीवनसत्त्व लागतं, हे खरं. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी गोळी) ते अडवतं आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांत धमन्यांचं कॅल्सिफिकेशन वाढलेलं दिसतं, हेही खरं. पण जीवनसत्त्व दिल्यानं साचलेलं कॅल्शियम निघतं, हे माणसांत सिद्ध झालेलं नाही. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या चाचणीचे निष्कर्ष आले. महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम साचलेल्या ३६५ वयस्कर पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं के२ आणि ड दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी. झडपेच्या कॅल्शियममध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

आणि भोरकर, 'सगळ्यांना' म्हणू नका हो. लहानपणी सांधेतापातून झडप खराब होऊन धातूची बसवलेली कितीतरी माणसं आपल्याकडे आहेत. ती वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉल घेतात. त्यांनी तुमचं ऐकून के२ घेतलं तर औषधाचा परिणाम उतरेल आणि झडपेवर गुठळी धरेल. हा जिवाशी खेळ आहे.

अपर्णा_सिंहगडरोड

ड जीवनसत्त्वाबद्दल लिहिते. आमच्या शेजारच्या आजोबांना ६०,००० युनिटची पावडरची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे, अशी लिहून दिली होती. ते रोज एक घ्यायला लागले, आणि संपली की पुन्हा आणायचे, कारण 'बरं वाटतं'. उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ, नंतर असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटलं विसरभोळेपणा वाढला. दवाखान्यात कॅल्शियम १४ निघालं आणि क्रिएटिनिन चढलेलं. सलाइनवर ठेवावं लागलं. ड चरबीत साठून राहतं म्हणून उतरायला कितीतरी दिवस लागले. सोनोग्राफीत मूत्रपिंडात पांढरे कण दिसले.

निमाताई, तुमच्या घरी ज्याची भीती वाटतेय ते खरंच असं होऊ शकतं, पण नाचणीनं नाही, पुड्यांनी.

डॉ_मुठाकाठ

अगदी नेमकं उदाहरण. यात अ‍ॅसिडिटीसाठी रोज मूठभर कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या चघळणाऱ्यांचीही भर घाला. अन्नातून एवढं कॅल्शियम पोटात जाणं जवळपास अशक्य. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, आणि प्रौढांची रोजची गरज आपल्या आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यानुसार १००० मिलिग्रॅम. एवढं कितीजण खातात?

सोबती

माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. त्यांचं कॅल्शियम नॉर्मल असतं, पण फॉस्फरस ७. अंगाला खाज, आणि हाताच्या एक्सरेत धमन्या रेघा मारल्यासारख्या पांढऱ्या. डॉक्टरांनी कॅल्शियमची जुनी गोळी बंद करून सेव्हेलॅमर (फॉस्फरस बांधणारी दुसरी गोळी) दिलंय, महाग आहे. एवढा फरक पडतो का?

डॉ_मुठाकाठ

पडतो. निकामी मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही आणि डायलिसिस तो थोडाच काढतं. फॉस्फरस २.५ ते ४.५ च्या घरात असायला हवा. तो वाढला की पॅराथायरॉइड पेटते, हाडं पोखरली जातात आणि तेच कॅल्शियम-फॉस्फेट धमन्यांत जाऊन बसतं. कॅल्शियमची गोळीही आतड्यात फॉस्फरस बांधते, पण स्वतःचं कॅल्शियम अंगात भरते. धमन्या आधीच पांढऱ्या दिसत असतील तर ते टाळलेलं बरं.

गोळी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायची, नंतर आठवली म्हणून रात्री घेतली तर फुकट. दुसरं म्हणजे डाळीतला फॉस्फरस निम्म्याहून कमी शोषला जातो. पाकिटातले पदार्थ, प्रोसेस्ड चीज, काळं कोला यांत मिसळलेला जवळजवळ सगळा अंगात जातो. वरण बंद करून बिस्किटं-चीज चालू ठेवणारे पेशंट मी पाहिलेत.

आणि सोबती, हे लक्षात ठेवाच: वडिलांच्या मांडीवर, पोटावर किंवा पोटरीवर जांभळट, जाळीदार, प्रचंड दुखणारा चट्टा आला तर थांबू नका, त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टना दाखवा. त्वचेच्या बारीक धमन्या कॅल्शियमनं बुजून कातडं मरायला लागतं, त्याला कॅल्सिफिलॅक्सिस म्हणतात. क्वचित होतं, पण फार वाईट. वॉर्फरिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

सोबती

चीज बंद करते आजपासून. वॉर्फरिन नाही. धन्यवाद.

मृ_कोथरूड

हा प्रश्न इथे विचारावा की नाही कळत नव्हतं. मॅमोग्राफीत डावीकडे 'मायक्रोकॅल्सिफिकेशन्स' लिहून आलंय. हाताला गाठ लागत नाही, दुखत नाही. मैत्रीण म्हणते कॅल्शियमच असेल, सहा महिन्यांनी बघू.

डॉ_मुठाकाठ

मृताई, विचारलंत ते बरं केलंत. स्तनातल्या कॅल्शियमबद्दल सगळं ठरतं ते आकारावर आणि मांडणीवर. मोठे, गोल, दाट, दोन्ही बाजूंना विखुरलेले ठिपके बहुतेक निरुपद्रवी. जुन्या फायब्रोअ‍ॅडिनोमात (स्तनातल्या साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीत) येतं ते जाडंभरडं, त्याला रेडिऑलॉजिस्ट पॉपकॉर्नच म्हणतात. वय वाढलं की स्तनातल्या धमन्यांतही समांतर रेघा दिसतात. त्यांचं स्तनाशी देणंघेणं नसतं, हृदयाकडे मात्र एकदा लक्ष द्यावं.

काळजीचे ते बारीक, एकमेकांसारखे नसलेले, एका जागी घोळक्यानं आलेले, किंवा एका रेघेत फांद्या फुटल्यासारखे पसरलेले. दुधाच्या नळीच्या आतच असलेल्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगाची कित्येकदा हीच एकमेव खूण असते. गाठ लागत नाही हे त्या अवस्थेत अपेक्षितच आहे, त्यावर निर्धास्त राहायचं नसतं. रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्स असं लिहून एक आकडा असेल. २ असेल तर विसरून जा. ३ असेल तर तुमची मैत्रीण म्हणते तसं सहा महिन्यांनी. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी, आणि ती मॅमोग्राफीच्या मदतीनं नेमकी त्या ठिपक्यांची, कारण सोनोग्राफीत ते बऱ्याचदा दिसत नाहीत. कोणता आकडा आहे?

मृ_कोथरूड

४ए. भूल न देता करतात का ती बायोप्सी?

एक्सरेवाला

ताई, जागेवर बधिर करायचं इंजेक्शन देतात, त्याच दिवशी घरी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. काढलेल्या तुकड्यांचा तिथल्या तिथे एक्सरे घेऊन ठिपके त्यात आलेत का ते बघतात. ४ए म्हणजे शक्यता २ ते १० टक्के. बहुतेकींचा रिपोर्ट चांगला येतो. पण करून घ्या, लांबवू नका.

निमा_सहकारनगर

मृ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सोबत लागली तर मी येते, कोथरूड काही लांब नाही.

बोअरवेल_वाघोली

माझ्या गीझरवर इतकी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. पण मुतखड्याचं काय? तो तरी पाण्यामुळेच ना? आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना आहे.

डॉ_मुठाकाठ

पाणी जड असण्यापेक्षा पाणी कमी पिणं हे मोठं कारण. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. दूध-दही तोडलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, शोषलं जातं, लघवीत उतरतं. २००२ मध्ये इटलीत १२० पुरुषांवर पाच वर्षांची चाचणी झाली. कमी कॅल्शियम खाणाऱ्यांपेक्षा नेहमीचं कॅल्शियम, पण कमी मीठ आणि कमी मांस खाणाऱ्यांत खडा परत होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. लोणचं-पापड कमी करा, ताक प्या.

पिनाकपाणि

माझ्या मेंदूच्या सीटीत पिनियल ग्रंथी (मेंदूच्या मध्यावरची छोटी ग्रंथी) कॅल्सिफाइड आहे. ग्रुपवर आलंय की टूथपेस्टमधल्या फ्लोराइडनं तिसरा डोळा बंद होतो.

एक्सरेवाला

मोठ्या माणसांच्या निम्म्याहून अधिक सीटीत मला ती पांढरी दिसते. पूर्वी साध्या एक्सरेत ती मधून सरकली आहे का, यावरून मेंदूत गाठ आहे का ते ओळखायचे. दात घासत राहा.

डॉ_मुठाकाठ

मेंदूतलं सगळंच असं सोडून द्यायचं नसतं मात्र. फीट आलेल्या माणसाच्या सीटीत एकुलता एक पांढरा ठिपका दिसला तर आपल्याकडे डुकराच्या पट्टकृमीची वाळलेली अळी हे वारंवार सापडणारं कारण. शाकाहारी घरातही होतं, कारण कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून भाजीपाल्यावर, हातांवर येतात. कोबीतल्या हिरव्या अळीचा यात दोष नाही. अळी मरून दगड झाली तरी फीट येऊ शकतात, त्यामुळे गोळी मनानं बंद करू नये.

आणि थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या एखाद्या बाईला वर्षांनंतर मुंग्या, बोटं वाकडी होणं, फीट असं काही होत असेल आणि सीटीत मेंदूच्या तळाच्या गाभ्यांत दोन्ही बाजूंना कॅल्शियम दिसलं, तर रक्तातलं कॅल्शियम मोजा. ते कमी निघेल. पॅराथायरॉइड ऑपरेशनमध्ये दुखावलेली असते. मेंदूत साचलेलं आणि रक्तात कमी! उपचार म्हणून तिला कॅल्शियमच द्यायचं असतं. 'अंगात जास्त झालंय' म्हणणाऱ्यांना मी ही केस सांगायचो.

हिंजवडी_फेज३

वाचनखूण साठवली. सिगारेटचं बघतो.

पर्वतीपायथा

डॉक्टर, शेवटचा एक. मुलीला यूकेला मास्टर्सला जायचंय. कॉलेजच्या मेडिकलमध्ये तिच्याही छातीत निमाताईंच्या सासूबाईंसारखाच ठिपका निघाला होता. व्हिसाला अडेल का?

डॉ_मुठाकाठ

सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर भारतातून जाणाऱ्यांना टीबीची तपासणी यूकेनं ठरवून दिलेल्या केंद्रातच करावी लागते. ठिपका जुना, टणक आणि लक्षणं नसली तर पुष्कळदा सरळ सर्टिफिकेट मिळतं. पण तिथल्या डॉक्टरांना शंका आली तर लागोपाठ तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरला (जंतू वाढतात का ते बघायला) आठ आठवड्यांपर्यंत लागतात. तोवर सर्टिफिकेट नाही. जुनी फिल्म आणि रिपोर्ट बरोबर न्या. सर्टिफिकेट सहा महिने चालतं, तेव्हा सप्टेंबरचं सत्र असेल तर मे महिन्यातच तपासणी उरकून टाका, जुलैपर्यंत थांबू नका.